थेट ध्वनिमुद्रणं, कव्हर आणि विखुरलेली गाणी: बँडचा संग्रह कसा बांधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका इंडी रॉक बँडकडे पंचवीस वर्षांची सामग्री साचली आहे: गिगची थेट ध्वनिमुद्रणं, काही कव्हर (दुसऱ्यांची गाणी), जुन्या सात इंची सिंगलच्या बी-साइड (मागच्या बाजूची गाणी), एक रेडिओ सेशन आणि चार-ट्रॅक यंत्रावर, म्हणजे चार थर वेगवेगळे भरणाऱ्या कॅसेट यंत्रावर, केलेले डेमो. हे सगळं कॅसेट, डॅट (छोटी डिजिटल टेप), मिनीडिस्क, सीडी-आर आणि जुन्या हार्ड डिस्कवर पसरलेलं आहे. त्यातून डबल एलपी आणि डिजिटल असा संग्रह काढायचा आहे. सुरुवात कुठून करावी, सगळ्याचा आवाज एकसारखा कसा करावा आणि परवानग्या कुणाकुणाच्या लागतात?

आवाजाची चिंता तुम्हाला सगळ्यात मोठी वाटते आहे, पण ते काम सगळ्यात शेवटी येतं आणि आधीची कामं नीट झाली असतील तर अर्धं झालेलंच असतं. असे संग्रह अडकतात ते नोंदींच्या अभावी. कुठली टेप कुठल्या रात्रीची, ती मूळ प्रत की नकलेची नक्कल, ड्रमवर कोण होतं, पैसे कुणी भरले होते, हे माहीत नसेल तर गाणं निवडता येत नाही, परवानगी मागता येत नाही आणि दुरुस्तीही धड करता येत नाही. म्हणून एकही टेप वाजवण्याआधी एक तक्ता उघडा. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, तोच क्रमांक डबीवर चिकटवा आणि डबीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. तक्त्यात माध्यम, तारीख, ठिकाण, कुणी मुद्रित केलं, मिक्सरमधून थेट की प्रेक्षकांतल्या मायक्रोफोनवरून, कितवी प्रत, त्या दिवशी बँडमध्ये कोण होतं, गाणी कुणी लिहिली आणि तेव्हा बँड कुठल्या कराराखाली होता, एवढे रकाने हवेत. डबीवरची तारीख चुकीची असण्याची शक्यता धरून चाला. जुन्या डब्यांत नव्या टेपा घालण्याची सवय सगळ्यांनाच असते. गाण्यांचा क्रम, गायकाचं मध्येच केलेलं निवेदन, तेव्हा नुकतं रचलेलं एखादं गाणं यांवरून तारीख ताडून बघा.

मग हस्तांतर. इथली गफलत नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट वेव्ह फाइल घ्या, सर्वोच्च पातळी पूर्ण मर्यादेच्या ६ ते १० डेसिबल खाली राहू द्या आणि घेताना कुठलीही स्वच्छता, कॉम्प्रेशन किंवा लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारी साधनं) लावू नका. ही कच्ची फाइल पुन्हा कधीच बदलायची नाही; सगळं काम तिच्या नकलेवर. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) काढून तक्त्यात लिहा आणि तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या जागी.

कॅसेटचं पहिलं काम म्हणजे अ‍ॅझिमथ. टेप ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा (टेपला टेकणाऱ्या भागाचा) कोन आणि तुमच्या डेकचा कोन सहसा जुळत नाही, आणि मग वरचे स्वर विझल्यासारखे होतात. हेडफोनवर मोनोत ऐकत हेडशेजारचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवा. झांजांचा आवाज जिथे सगळ्यात उघडा होईल तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला, आणि जमलं तर प्रत्येक बाजूला वेगळं करावं लागतं. त्यानंतरच डॉल्बीचा, म्हणजे टेपची खरखर कमी करणाऱ्या पद्धतीचा, निर्णय घ्या. डॉल्बी लावून भरलेली टेप डॉल्बीशिवाय वाजवली तर चरचरीत वाटते, उलट केलं तर घोंगडीखाली दाबल्यासारखी. अ‍ॅझिमथ चुकलेला असताना डॉल्बी उलगडली तर ती वरच्या स्वरांची पातळी चुकीची वाचते आणि आवाज आणखी मंदावतो, म्हणून हा क्रम बदलू नका.

चार-ट्रॅक डेमोंच्या कॅसेट साध्या डेकवर वाजवून ‘टेप खराब झाली’ असा निष्कर्ष बरेच जण काढतात. टॅस्कॅमच्या १९७९ च्या पहिल्या पोर्टास्टुडिओपासून अशी यंत्रं चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतात. साध्या डेकवर त्यातले दोन ऐकू येतात आणि कॅसेट उलटवली की उरलेले दोन उलटे वाजतात. शिवाय काही यंत्रं नेहमीच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ९.५ सेंटिमीटर वेगाने चालतात आणि पुष्कळांत डीबीएक्स ही खरखर कमी करणारी वेगळी पद्धत असते. त्याच जातीचं चालू यंत्र मिळवा आणि चारही ट्रॅक वेगवेगळे, एकाच वेळी घ्या. त्याचा मोठा फायदा असा की डेमो पुन्हा मिक्स करता येतो. मात्र जुनं मिक्स असेल तर तेही शोधा. कित्येकदा तेव्हा घाईत केलेल्या मिक्समध्ये जो तोल सापडलेला असतो तो नव्याने सापडत नाही, आणि मिक्स करताना थेट वाजवलेली एखादी ओळ चार ट्रॅकवर नसतेच.

डॅटमधून अ‍ॅनालॉग मार्गाने नक्कल घेऊ नका; डिजिटल आउटपुट वापरा आणि इंटरफेसचं क्लॉक बाहेरच्या स्रोतावर ठेवा. ते आतल्या क्लॉकवर राहिलं तर दर काही सेकंदांनी बारीक टिकटिक येते, आणि ती टेपचा दोष समजून लोक तासन्‌तास पुसत बसतात. डॅट ४८, ४४.१ किंवा ३२ किलोहर्ट्‌झवर भरलेली असू शकते. ज्या दरावर आहे त्याच दरावर घ्या. टेप अडखळत असेल तर दुसरं यंत्र वापरून बघा, कारण हेडची जुळणी यंत्रागणिक बदलते. मिनीडिस्कवरचा आवाज मुळातच एट्रॅक या पद्धतीने दाबलेला (तपशील गाळून लहान केलेला) असतो, तरी घरगुती डेकच्या ऑप्टिकल आउटपुटने घेतला तर आणखी नुकसान होत नाही. सीडी-आर दोनदा रिप करून चेकसम जुळवा. पाव इंची रील असतील आणि वाजवताना किंचाळत असतील, हेडवर तपकिरी चिकट थर येत असेल, तर लगेच थांबा. पाठीला लेप असलेल्या काही जुन्या टेपांचा बाइंडर (चुंबकी थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ) ओलावा शोषून चिकट होतो. त्या ५४ अंश सेल्सियसच्या आसपास, स्थिर उष्णतेत आठ तास किंवा अधिक ठेवून, थंड करून पुढच्या काही आठवड्यांत उतरवाव्या लागतात. हे काम माहितगाराकडेच द्या; अ‍ॅसिटेटच्या टेपला अशी उष्णता दिली तर ती कायमची जाते.

ज्या बी-साइडचा मास्टर (मूळ अंतिम टेप) हरवला आहे ती सात इंची तबकडीवरून घ्यावी लागेल. एकाच दाबणीच्या दोन-तीन प्रती गोळा करा, स्वच्छ धुवा आणि सगळ्या उतरवा. एका प्रतीतली टिचकी दुसऱ्या प्रतीत त्या जागी नसते, त्यामुळे तेवढा तुकडा उसना घेता येतो. गाणं मोनो असेल तर दोन्ही चॅनेल एकत्र केल्यावर खरखर बरीच कमी होते.

चाहत्यांकडे तुमच्या गिगची मुद्रणं असतील तर जरूर मागा, पण एमपी३ नको, मूळ फाइल किंवा मूळ टेप मागा. आलेली फाइल स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कंप्रतांच्या आलेखात, बघा. १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास कातरल्यासारखी सरळ रेघ दिसली तर ती मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर कमी दराच्या एमपी३मधून गेलेली असण्याची दाट शक्यता आहे, मग आता ती वेव्ह असो नाहीतर फ्लॅक. नेमानं मुद्रण करणारी मंडळी मायक्रोफोनपासून फाइलपर्यंतची साखळी लिहून ठेवतात. ती टिपणं जशीच्या तशी तुमच्या तक्त्यात घ्या, आणि पुस्तिकेत त्यांचं नाव घालायची परवानगी त्याच वेळी विचारा.

आता टेपचा वेग. हे काम बहुतेक संग्रहांत राहून जातं. पोर्टेबल कॅसेट रेकॉर्डर दोन-तीन टक्के इकडेतिकडे धावतात; तीन टक्के म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराचा फरक. गायकाचा आवाज उगाच बारीक किंवा जड वाटतो आणि ऐकणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही. ‘अल्बमवर गाणं ई पट्टीत आहे म्हणून इथेही ई पट्टीत आणू’ असं मात्र करू नका, कारण थेट वाजवताना गिटार एक अर्धस्वर उतरवून लावण्याची पद्धत सर्रास आहे. खरा पुरावा गुणगुणीत असतो. स्टेजवरच्या अ‍ॅम्पमधून विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण (काही देशांत ६०) मुद्रणात उतरलेली असते. गाण्यांमधल्या शांत जागी स्पेक्ट्रम बघा. ५० च्या जागी ५१.५ दिसलं तर टेप तीन टक्के वेगात आहे. अगदी नेमकी ५० वर दुसरी एक रेघ असेल तर ती तुमच्या डेकची, तिला धरून चालू नका. दुरुस्ती रीसॅम्पलिंगने करा, म्हणजे स्वर आणि लय दोन्ही एकत्र सरकतील. फक्त पट्टी बदलणारं साधन वापरलंत तर लय चुकीचीच राहील आणि झांजा विस्कटतील.

थेट मुद्रणांत मिक्सरवरची टेप उत्तमच असणार असं धरून चालतात, आणि छोट्या क्लबच्या बाबतीत ते बहुधा चुकीचं ठरतं. लहान जागेत गिटारचे अ‍ॅम्प आणि ड्रम मुळातच इतके मोठे वाजतात की ते मिक्सरमधून फारसे द्यावे लागत नाहीत. मग मिक्सरच्या टेपवर गायक अंगावर येतो, किक ड्रम थोडा असतो आणि गिटार लांब कुठेतरी. प्रेक्षकांतल्या टेपवर नेमकं उलट: खोली, गिटार, गर्दी आहे, शब्द नाहीत. एकाच रात्रीच्या दोन्ही टेपा असतील तर त्या मिळवून ऐकण्याजोगं मिश्रण होतं, आणि ते करायची रीत ठरलेली आहे.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास ३ मिलिसेकंद उशीर. मायक्रोफोन स्टेजपासून १५ मीटरवर असेल तर प्रेक्षकांची टेप सुमारे ४४ मिलिसेकंद मागे असते. स्नेअरचा (ड्रमसंचातल्या करकरीत ढोलाचा) एखादा मोकळा ठोका धरून तिला पुढे ओढा. एवढ्यावर भागत नाही, कारण दोन रेकॉर्डरची घड्याळं कधीच सारखी नसतात. दोन डिजिटल यंत्रांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद आणि तासाला १८० मिलिसेकंद घसरण होते. म्हणून संपूर्ण गिग एकदाच जुळवू नका; गाण्यागणिक सुरुवात आणि शेवट मोजून तेवढं रीसॅम्पल करा. एक टेप कॅसेटची असेल तर गाण्याच्या आतही दोन-तीन जागी जुळवावं लागेल. जुळल्यावर एका टेपची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवून बघा. ज्या स्थितीत खालचा आवाज भरीव वाटतो ती ठेवा. प्रेक्षकांच्या टेपचा १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग कापा, खालचा सगळा भार मिक्सरच्या टेपवर राहू द्या. प्रेक्षकांची टेप मिक्सरच्या टेपपेक्षा ६ ते १० डेसिबल खाली ठेवून सुरुवात करा आणि गिटार जागेवर येईपर्यंत वाढवत न्या.

फक्त मिक्सरचीच टेप असेल तर आवाज सुटे करणारी आजची साधनं मदतीला येतात. त्यांच्याकडून गाणं नव्याने बांधून घेऊ नका. मूळ टेप पूर्ण पातळीवर ठेवा आणि सुट्या केलेल्या ड्रम किंवा गिटारचा थर तिच्यावर दोन-तीन डेसिबलने चढवा. तेवढ्यात तोल बदलतो आणि झांजांमधली ती पाणचट थरथर मूळ आवाजाखाली झाकली जाते. याहून पुढे गेलात की ती उघडी पडते. एका रात्रीच्या गाण्यात दुसऱ्या रात्रीची गायकी चिकटवणं, किंवा आज स्टुडिओत बसून थेट ट्रॅकवर गिटार भरणं मला पटत नाही. केलंच तर पुस्तिकेत लिहा. असे संग्रह घेणारा श्रोता त्या एका रात्री काय घडलं ते ऐकायला येतो.

निवड करताना ‘दुर्मीळ आहे’ हे कारण पुरेसं धरू नका. गाणं दुर्मीळ राहिलं त्यामागे बरेचदा चांगलं कारण असतं. माझी चाचणी सरळ आहे. शब्द कळतात का, आणि स्नेअर-किकची लय शरीराला लागते का? दोन्ही नाहीत आणि दुरुस्तीने येण्याजोगंही काही नाही, तर ते गाणं बाजूला. गुणगुण, वेग, पातळी, टिचक्या आणि थोडाफार स्वरांचा असमतोल सुधारतो. खोलीच्या घुमण्यात बुडालेला आवाज, मायक्रोफोनवरच फाटलेलं मुद्रण आणि एमपी३त गेलेले तपशील परत येत नाहीत. एकाच गाण्याच्या तीन थेट आवृत्त्या असतील तर सगळ्यात स्वच्छ निवडण्याचा मोह होतो. स्वच्छतेत थोडं कमी पण वाजवण्यात जिवंत असलेलं घ्या. १९८४ चा द स्मिथ्सचा ‘हॅटफुल ऑफ हॉलो’ बघा. त्यातला मोठा भाग बीबीसी रेडिओसाठी झटपट केलेल्या सेशनचा आहे, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या अल्बममधल्या स्टुडिओ आवृत्त्यांपेक्षा त्या आवृत्त्या पसंत करणारे श्रोते आजही भरपूर आहेत.

कव्हरच्या बाबतीत हात आखडता घ्या. एकूण संग्रहाच्या एक तृतीयांशाहून जास्त कव्हर झाली की बँडचा चेहरा पुसट होतो. मूळ गाण्याची हुबेहूब नक्कल गिगमध्ये मजा आणते, तबकडीवर नाही. ज्या कव्हरमध्ये तुमची लय, तुमची मांडणी ऐकू येते तेवढीच ठेवा.

इथून परवानग्या सुरू होतात, आणि त्या मास्टरिंगच्या, म्हणजे शेवटच्या आवाज-जुळवणीच्या, आधी संपायला हव्यात. दोन हक्क वेगळे आहेत हे पक्कं डोक्यात ठेवा: रचनेचा हक्क गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाकडे, ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्याने ते करारानुसार करवून घेतलं त्याच्याकडे. कव्हरमध्ये मुद्रण तुमचं असतं, रचना नसते. अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेल्या गाण्याच्या केवळ ध्वनी-आवृत्तीसाठी कायद्याने सक्तीचा यांत्रिक परवाना (रचनेच्या प्रती काढण्याची परवानगी) मिळतो. २०२५ साली तबकडी आणि डाउनलोडसाठी त्याचा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रतिमागे १२.७ सेंट होता. ब्रिटनमध्ये असे हक्क सांभाळणाऱ्या एमसीपीएस या संस्थेकडून परवाना घेतात. इतर देशांत नियम वेगळे आहेत, आणि तबकडी जिथे दाबली आणि विकली जाते तिथला नियम लागतो. सगळीकडे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की असा परवाना चाल आणि गाण्याचा मूळ स्वभाव बदलण्याची मुभा देत नाही. शब्द बदलले, भाषांतर केलं, दोन गाणी गुंफली, तर प्रकाशकाची थेट परवानगी लागते. ती येईलच असं नाही आणि वेळेत येईल असं तर मुळीच धरू नका. त्या गाण्याचा व्हिडिओ काढायचा असेल तर तोही वेगळा हक्क आहे.

थेट मुद्रणांत दोन छुपे सापळे असतात. पहिला, गाणं लांबवताना मध्येच वाजवलेल्या दुसऱ्याच्या चार ओळी. वीस सेकंद असल्या तरी ती दुसऱ्याची रचना आहे. परवाना घ्या किंवा तो भाग कापा. दुसरा, बँड स्टेजवर येताना हॉलच्या स्पीकरवर लावलेलं संगीत. ते पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला मागे ऐकू येत राहतं आणि त्यात दुसऱ्याची रचना व दुसऱ्याचं मुद्रण दोन्ही आहेत. कापता येत नसेल तर ते गाणं वगळलेलं बरं, कारण ऑनलाइन संगीत-दुकानांची गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा ते पकडते आणि सगळा अल्बम अडकतो.

रेडिओ सेशनचं मुद्रण सामान्यतः प्रसारकाच्या मालकीचं असतं. बँड त्यात वाजला म्हणजे ते बँडचं होत नाही. बी-साइड ज्या लेबलने (रेकॉर्ड कंपनीने) काढली तिच्याकडून मागावी लागते. जुन्या कराराच्या काळात केलेलं कुठलंही मुद्रण, अगदी गिगमधलंसुद्धा, त्या लेबलच्या एकाधिकारात येत असू शकतं. बहुतेक करारांत पुन्हा मुद्रण न करण्याचं कलम असतं, करार संपल्यावरही ते काही वर्षं चालतं, आणि थेट आवृत्ती त्यात मोडते की नाही हे करारातल्या शब्दांवर ठरतं. तो करार वकिलाकडून वाचून घ्या. सोडून गेलेल्या सदस्यांची वादक म्हणून संमती लेखी घ्या आणि वाटणीचे आकडे त्याच कागदावर लिहा. यासाठीच तक्त्यात ‘त्या दिवशी बँडमध्ये कोण होतं’ हा रकाना हवा. क्लबच्या ध्वनितंत्रज्ञाने स्वतःच्या यंत्रावर मुद्रण केलं असेल तर त्याचाही होकार घ्या, आणि मुखपृष्ठावरच्या फोटोसाठी छायाचित्रकाराचा.

गाण्यांचा क्रम लावताना एलपीच्या चार बाजू हाच तुमचा मोठा आधार आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीवर बाजूला १८ ते २० मिनिटं ठेवा. २२ च्या पुढे पातळी उतरवावी लागते आणि खरखर वर येते. म्हणजे एकूण ७२ ते ८० मिनिटं, साधारण अठरा गाणी. उरलेलं डाउनलोडमध्ये जाऊ द्या. एका बाजूवर एका जातीचा आवाज ठेवला तर जमतं: एकीवर रेडिओ सेशन आणि बी-साइड, दुसरीवर एकाच रात्रीचा सलग थेट भाग, तिसरीवर डेमो, चौथीवर इतर गिग आणि कव्हर. तबकडी उलटवताना कानाला विसावा मिळतो, त्यामुळे आवाजातला मोठा बदल तिथे खपून जातो. डिजिटलमध्ये तो विसावा नाही, म्हणून त्या ठिकाणी चार-पाच सेकंदांची शांतता ठेवा. एका बाजूच्या आतही सगळ्यात भरलेल्या ट्रॅकनंतर लगेच कॅसेटचा डेमो नको; मध्ये एखादं विरळ, एका गिटारचं गाणं आलं की कान खाली उतरतो.

बाजूच्या शेवटी काय ठेवता हेही महत्त्वाचं. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने सरकते, आत मधल्या कागदी लेबलजवळ जेमतेम ०.२१ मीटर. तेवढ्याच आवाजाला आत निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून झांजा आणि ‘स’-‘श’ तिथे फाटतात. गिगचा जोरकस शेवट बाजूच्या शेवटी टाकण्याची स्वाभाविक ओढ असते, आणि तीच जागा त्याला सगळ्यात वाईट. शांत गाणं आत, जोरकस बाहेर. त्या गाण्याने बाजू संपवायचीच असेल तर ती बाजू १५-१६ मिनिटांत आटपा, म्हणजे सुईला फार आत जावं लागत नाही.

दोन वेगळ्या रात्रींच्या टाळ्या एकमेकींत विरघळवून एकच मैफल असल्याचा आभास करू नका. खोल्यांचा घुमारा वेगळा असतो आणि जोड कानाला कळतोच. टाळ्या पाच-सहा सेकंद वाजू द्या, उतरवा, क्षणभर थांबा, पुढची रात्र सुरू करा. गिटार लावण्याचा वेळ कापा. निवेदन पुढच्या गाण्याला काही देत असेल तरच ठेवा, आणि ते आधीच्या ट्रॅकच्या शेवटी जोडा. प्लेलिस्टमध्ये ते गाणं एकटं लागलं तर पहिल्या ठोक्यापासून सुरू व्हायला हवं. सीडीही काढणार असाल तर सलग ट्रॅकचे काप सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाच्या सीमेवर घ्या, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्‌झवर ५८८ नमुन्यांच्या पटीत. नाहीतर जोडावर टिचकी येते.

मास्टरिंगमध्ये सगळे ट्रॅक सारखे करायचे नसतात. टोकं जवळ आणायची असतात. मंद डेमो उजळायला गेलात की आधी टेपची सूं वर येते. त्यापेक्षा डेमो थोडा उघडा आणि शेजारचा चकचकीत ट्रॅक किंचित मवाळ करा, दोघं मध्ये भेटतात. मोनो डेमो मोनोच ठेवा, कृत्रिम रुंदी देऊ नका. सूं कमी करताना ६ ते ८ डेसिबलवर थांबा. गायकाच्या विरत जाणाऱ्या स्वराच्या शेवटी बुडबुडे ऐकू आले की पुढे गेला आहात हे समजा. पातळी जुळवताना मीटरपेक्षा गायकाचा आवाज धरा: एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना आवाज कमी-जास्त करायच्या बटणाला हात लावावासा वाटला नाही, की जमलं. थेट ट्रॅक मोजायचाच तर टाळ्या वगळून फक्त गाण्याचा भाग मोजा, कारण मोठ्या टाळ्या सरासरी चढवतात आणि मग गाणं उगाच खाली जातं. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएसला (ऐकू येणाऱ्या सरासरी जोराचं माप) पातळी आणतं, त्यामुळे याहून फार वर दाबून फायदा नाही, थेट मुद्रणांची हवा मात्र जाते. खरं शिखर (ट्रू पीक, म्हणजे लहरीचा सर्वोच्च बिंदू) उणे १ डेसिबलवर ठेवा. तबकडीसाठी वेगळा मास्टर करा, लिमिटर जवळजवळ नसलेला, १५० हर्ट्‌झच्या खाली मोनो. प्रेक्षकांच्या टेपेत खालचा आवाज दोन कानांत उलटसुलट असतो आणि तो तसाच गेला तर खाच कापणाऱ्याला पातळी उतरवावी लागते.

नावं आणि क्रमांक उरकून टाकू. वेगळ्या मुद्रणाला वेगळा आयएसआरसी, म्हणजे मुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक. पूर्वी निघालेली बी-साइड केवळ पातळी सुधारून पुन्हा येत असेल तर जुनाच क्रमांक राहतो. नवं मिक्स किंवा जुन्या टेपेची पूर्ण पुनर्बांधणी असेल तर नवा. ‘थेट’ हा शब्द आवृत्तीच्या रकान्यात, ठिकाण आणि वर्षासह. कव्हरच्या शीर्षकात किंवा कलाकाराच्या रकान्यात मूळ बँडचं नाव घालू नका, दुकानं ते परत पाठवतात. मूळ रचनाकार मात्र अचूक हवेत.

पुस्तिकेवर कंजुषी नको. आर.ई.एम.च्या १९८७ च्या ‘डेड लेटर ऑफिस’मध्ये गिटारवादक पीटर बक यांनी प्रत्येक गाण्यावर स्वतः मोकळेपणाने लिहिलं आहे, आणि अशा संग्रहाला ते लिखाण किती बळ देतं ते तिथे दिसतं. प्रत्येक ट्रॅकखाली तारीख, ठिकाण, स्रोत, वादक, मुद्रण करणारा, आधी कुठे निघालं होतं आणि काय दुरुस्ती केली, हे दोन-तीन ओळींत द्या. तक्ता नीट भरलेला असेल तर हे एका संध्याकाळचं काम आहे.

चाचणी तबकड्या आल्या की त्या दोन वेगवेगळ्या प्लेअरवर ऐका, त्यातला एक साधा हवा. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं, सलग ट्रॅकचे जोड आणि गायकाचे ‘स’ आधी तपासा. एकाच जागी सगळ्या प्रतींत टिचकी असेल तर दोष मास्टरचा किंवा साच्याचा, एकाच प्रतीत असेल तर त्या प्रतीचा. साच्याचा दोष कारखान्याला लेखी, बाजू आणि मिनिट-सेकंदासह कळवा आणि नवी चाचणी आल्याशिवाय पुढच्या छपाईला होकार देऊ नका.